वाकड्या तोटीची किटली

परवा नात वाचनालयाच्या वरच्या खोलीसाठी छापून घेतलेल्या नव्या कपांतला एक कप घेऊन आली. पांढरा, जाडजूड कानाचा, आणि त्यावर निळ्या रंगात छापलेली किटली.

"आजी, बघ ना. छापणाऱ्यांनी घोळ घातलाय. सगळ्याच कपांवर तोटी वाकडी आलीये. आता परत पाठवायला लागणार."

मी चष्मा लावला, कप उजेडात धरला आणि मला हसूच आवरेना.

"घोळ नाही गं बाई. ती तोटी तशीच आहे. तुझ्या आजोबांनी काढलेली."

"आजोबांनी? त्यांची तर सरळ रेघेसाठी ख्याती होती ना?"

"होती. म्हणूनच सांगते, परत पाठवू नका."

ती समोर मांडी ठोकून बसली. तिला सांगितलं तेच इथे लिहिते आहे. त्या खोलीतली बहुतेक माणसं आता राहिली नाहीत. कोण कोण यायचं ते मी आजही सांगणार नाही. ज्यांनी आपणहून गावभर सांगितलं, त्यांच्यापुरतंच लिहिते.

तर, आमचे हे पाट्या रंगवायचे. गावात सगळे यांना पेंटर म्हणत. मुख्य रस्त्यावरची एकूण एक पाटी यांच्या हातची. चपलांचं दुकान, दातांचा दवाखाना, घड्याळजी, सगळीकडे यांचंच अक्षर. खडू लावलेली दोरी फळीवर ताणायची, टणकन सोडायची आणि त्या रेघेवर अक्षरं अशी बसवायची की जणू तिथेच जन्मली. पण ब्रश धरण्याआधी एक पेला लागायचा. "हात बसवायला," असं म्हणायचे. आधी हात बसवायला एक पुरायचा, मग दोन लागायला लागले. शेवटी शेवटी हात बसायच्या आधी हेच बसायला लागले. शिडीखाली, भिंतीला टेकून.

हे नाटक कुठवर गेलं असतं कोण जाणे, पण एका बाणाने घात केला.

आमच्या डॉक्टरांनी दवाखाना नव्या गल्लीत हलवला. चौकात एक पाटी हवी होती: 'दवाखाना' आणि खाली बाण. उजवीकडे. यांनी अक्षरं झकास काढली आणि बाण काढला डावीकडे. डावीकडे काय होतं, तर बार. सकाळपासून पेशंट बारच्या दारात जमायला लागले. कुणी खोकतंय, कुणी कडेवर पोर घेऊन आलेलं. बारचा मालक भला माणूस, त्याने सगळ्यांना बाकांवर ओळीने बसवलं, पाणी दिलं आणि डॉक्टर येण्याची वाट बघत बसला. गुडघेदुखीचे एक आजोबा तर तिथल्या तिथे बरे होऊन गाणं म्हणत घरी गेले, असं सांगतात.

संध्याकाळी डॉक्टर आमच्या घरी आले. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवायला लागले. पण ते शांतपणे बसले. मी चहा दिला. यांनी कप उचलला तो बशीवर असा वाजायला लागला, जणू दाराशी सायकलवाला घंटी वाजवतोय. डॉक्टर यांच्या हाताकडे बघत राहिले.

"पेंटर, बाणाला मी दोष देत नाही. तुम्ही रोज ज्या वाटेने जाता, तिकडे तो वळला."

हे मान खाली घालून म्हणाले, "सोडायची आहे हो डॉक्टर. पण घोट न घेता ब्रश धरला तर रेघ नाचते. रेघ गेली तर मग मी कोण राहिलो? नुसता शिडी वाहणारा माणूस."

"थरथर काही दिवस राहील, तिला औषध देतो. पण औषध बोलत नाही, तुम्हाला बोलायला माणसं लागतील." डॉक्टर पुढे झुकले. "आपल्या गावात एक गट आहे. सोडलेले आणि सोडू बघणारे, दर मंगळवारी संध्याकाळी भेटतात. वाचनालयाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. खोली कुठली ते मला माहीत नाही. विचारा तिथे."

विचारा म्हणणं सोपं आहे!

पहिल्या मंगळवारी हे एकटे गेले. घरातून निघाले ते अगदी इस्त्रीचा शर्ट घालून. थोड्याच वेळात परत.

"तिथे असलं काही नाही. रखवालदाराला विचारलं. म्हणाला, नाव पण ऐकलं नाही."

मी जवळ जाऊन वास घेतला. माणूस कोरडा होता. म्हणजे खरं बोलत होता. मी म्हटलं, पुढच्या मंगळवारी मी येते.

त्या इमारतीत खाली वाचनालय होतं. फिनाइलच्या वासाचा एक जिना, आणि वर लांबलचक व्हरांड्यात चार दारं. एकाही दारावर पाटी नाही. यांना तो अपमानच वाटला. "पाटीशिवाय दार म्हणजे नाकाशिवाय तोंड," असं पुटपुटले.

पहिलं दार ढकललं तर टायपिंगचा क्लास. बाई म्हणाल्या, "या, या! दोघंही शिकणार? वयाची अट नाही हं." दुसऱ्या खोलीत बुद्धिबळ. तिथला एक जण मागे न बघताच "शूऽऽ" म्हणाला. चौथ्या खोलीत मोडक्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. राहिली तिसरी. पण तिच्या आतून हसण्याचा असा गडगडाट येत होता की आम्ही दाराला हातही लावला नाही.

"ही नसणार," हे म्हणाले. "कुणाचा तरी वाढदिवस चाललाय."

मलाही तेच वाटलं. दारू सोडलेली माणसं म्हणजे हातात रुमाल घेऊन बसलेली असणार, असं माझं चित्र होतं.

तेवढ्यात रखवालदार आला. भरघोस मिशा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी सरळ विचारलं, "दादा, दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठे भरते हो?"

"इथे नाही," तो म्हणाला. "कधी नव्हतीच. पुढेही नसेल."

"मग कोणत्या खोलीत काय असतं?"

"पहिलीत टायपिंग, दुसरीत बुद्धिबळ. चौथीत मोडक्या खुर्च्या. तिसरीत..." तो थांबला. "तिसरीत काही नसतं."

नेमकं त्याच क्षणी तिसऱ्या खोलीत पुन्हा हास्याचा स्फोट झाला. कुणीतरी टेबलावर थापही मारली.

"मग हे काय?"

"वारा," रखवालदार म्हणाला. मिशीचा केसही हलला नाही.

आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो. समोरच तो बार होता, वर यांनीच रंगवलेली पाटी होती. सोनेरी अक्षरं, त्यांना किरमिजी सावली, यांचं सगळ्यात देखणं काम. मालक दारात उभा राहून हात हलवत होता. "कलाकार! इतके दिवस कुठे होतात?"

हे फुटपाथवर उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "बघ, दोनदा आलो. आता गटच नाही गावात, त्याला मी काय करणार?" आणि एक पाऊल त्या पाटीकडे पडलं. मी बघितलं ते पाऊल. रस्ता कसला, हाताएवढा अरुंद. अजून चार पावलं टाकली असती तर आमचं सगळं होतं तिथेच गेलं असतं.

मी म्हटलं, "अहो, वारा हसतो का हो?"

"काय?"

"वारा वाहतो. शीळ घालतो. दारं आपटतो. पण टेबलावर थाप मारून हसणारा वारा तुम्ही कधी ऐकलात?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वरच्या खिडकीकडे पाहिलं. आणि कितीतरी महिन्यांनी यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं हसू आलं. "चल," म्हणाले, "वाऱ्याला भेटून येऊ."

या वेळी वर आल्यावर हे तिसऱ्या दारापाशी थांबले आणि लाकडावरून बोटं फिरवली. "इथे पाटी होती. हा चौकोन बघ, फिका आहे. स्क्रूची भोकं बुजवलीयेत." तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून रखवालदार आला, हातात कपांचा ट्रे, त्यात भलीमोठी पोचे पडलेली किटली. आम्ही भिंतीला चिकटलो. त्याने कोपराने दार उघडलं, आणि आम्ही त्याच्या पाठोपाठ आत शिरलो.

गोलात मांडलेल्या खुर्च्या, आठ-दहा माणसं, आणि मधोमध आमच्या गावच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे हेडबाई म्हणत. अर्ध्या गावाने त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. सगळ्यांनी वळून दाराकडे पाहिलं. रखवालदार ट्रे धरून पुतळ्यासारखा उभा.

"कोण हवंय?" हेडबाईंनी विचारलं.

यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "मी पेंटर. मी पितो. सोडायचीये."

पुढे जे झालं ते मी कधी विसरणार नाही. सगळेच्या सगळे उठून उभे राहिले. "नवीन माणूस! अहो, नवीन माणूस आला!" एकाने खुर्ची पुढे केली, दुसऱ्याने ती काढून आपली बरी खुर्ची दिली. एका ट्रक ड्रायव्हरने यांचा हात असा हलवला की मला वाटलं उखडून येतो.

"किती वर्षांनी कुणी नवीन आलं!" हेडबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आम्हाला वाटायला लागलं होतं, गावाने पिणंच सोडलं."

मी म्हटलं, "बाई, गाव व्यवस्थित पितंय. पण खाली विचारलं तर हे दादा सांगतात, इथे असलं काही नाही."

सगळ्या माना रखवालदाराकडे वळल्या.

"तुम्हीच सांगितलंत ना हेडबाई!" तो कळवळून म्हणाला. "माझ्या पहिल्याच दिवशी! इथलं बाहेर बोलायचं नाही म्हणून! मी शब्द पाळला. पाटीसुद्धा काढून टाकली. कितीजण आले, कुणाची बायको आली, कुणाची आई आली. मी ढिम्म! एक जण तर दोनदा आला, हात खिशात घालून. त्यालाही पत्ता लागू दिला नाही!"

 हेडबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो शहाणे, कोण येतं ते सांगायचं नाही. कुठे येतात ते सांगायचं!"

रखवालदार मटकन खाली बसला. ट्रे ड्रायव्हरने वेळेवर पकडला म्हणून बरं. "मग मी त्या सगळ्यांना..." एवढंच म्हणाला आणि मिशा थरथरायला लागल्या. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तो उठला, म्हणाला, "मी आत्ता जातो. त्या खिशातल्या हातवाल्याला घेऊनच येतो."

"मुळीच नाही," हेडबाई म्हणाल्या. "आपण कुणाला ओढून आणत नाही. दार दिसेल एवढं करू."

मग चहा झाला. यांना कप दिला तो अर्धाच. घरी जाताना हे कुरकुरले, "माणसं चांगली आहेत, पण चहाच्या बाबतीत चिक्कू." तो नियम होता हे नंतर कळलं. नव्या माणसाचा कप अर्धाच भरायचा, म्हणजे हात हलला तरी सांडत नाही आणि त्याला ओशाळं वाटत नाही. विचारून काही नाही, रखवालदार नुसता हाताकडे बघायचा आणि तेवढाच ओतायचा. एवढं बारीक बघणाऱ्या माणसाने दाराशी आलेल्यांना मात्र वारा सांगून परत पाठवलं होतं!

पुढच्या मंगळवारी पाटीवरून भांडणं झाली. शब्द लिहायचे नाहीत यावर एकमत, कारण शब्दांच्या पाटीखालून आत शिरायला कोण धजावणार? मग चित्र. ड्रायव्हर म्हणाला, फुटलेली बाटली काढा. हे म्हणाले, "लोक भंगार घेऊन येतील." हेडबाईंनी उगवता सूर्य सुचवला. ड्रायव्हर म्हणाला, "नको बाई, शाळा वाटली तर मीच येणार नाही." रखवालदाराला कुलूप हवं होतं. त्याला सगळ्यांनी मिळून गप्प बसवलं.

शेवटी यांनी बोट दाखवलं. "ती किटली काढतो."

ती पोचे पडलेली किटली टेबलावर वाफ सोडत होती. कुणालाच दुसरं काही सुचलं नाही.

पण काढायची म्हणजे ब्रश धरायचा. हे अजून थरथरतच होते. औषध चालू होतं, पेला बंद होता, कामंही बंद होती. घरात ब्रश बरणीत उभे, आणि हे त्यांच्याकडे परक्या माणसासारखं बघायचे. रविवारी सकाळी मात्र उठले, रंगाचा डबा घेतला आणि आम्ही निघालो. पाटी रस्त्यावरच्या जिन्याच्या दारावर काढायची होती, म्हणजे बरोबर बारच्या समोर. मी पायरीवर चिंधी आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन बसले.

किटलीचं पोट जमलं. झाकण जमलं. मूठही जमली, डावा हात उजव्या मनगटाखाली टेकू लावून. राहिली तोटी. ती एका दमात ओढायची लांब रेघ. यांनी ब्रश टेकवला, उचलला. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. कपाळावर घाम आला.

रस्ता ओलांडून बारचा मालक आला. हातात पेला, वर बशी झाकलेली. टोमणा नाही, काही नाही, अगदी मायेने म्हणाला, "कलाकार, माझ्या पाटीची सोनेरी रेघ अशाच एका पेल्यावर ओढली होतीत. एकच घ्या. हात बसेल. काम झालं की पुन्हा सोडा, मी काय अडवतोय?"

यांनी पेला हातात घेतला. मी चिंधी अशी पिळली की तिचे धागे निघाले. बोलावंसं फार वाटलं, पण हात माझा नव्हता, रेघही माझी नव्हती.

यांनी पेल्याकडे पाहिलं. मग ब्रश त्यात बुडवला आणि खळखळून धुतला. पेला निळाशार झाला.

"वा!" हे म्हणाले. "टर्पेंटाइनपेक्षा सरस आहे तुमचा माल. रंग झटक्यात सुटला."

मालक आ वासून पेल्याकडे बघत राहिला, मग त्यालाही हसू फुटलं. यांनी ब्रश पुसला, नवा रंग घेतला, श्वास घेतला आणि तोटी ओढली. वर जाताना ती डुलली, मध्ये एक हेलकावा खाल्ला आणि टोकाला पोचेपर्यंत पार नागमोडी झाली.

"वाकडी आली," मालक म्हणाला.

"आली खरी. पण कोरड्या हाताने आली," हे म्हणाले. "हात सुधारला की सरळ करेन."

त्या मंगळवारपासून रखवालदार खालच्या दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगायचा, "वर! तिसरी खोली!" न विचारणाऱ्यालाही सांगायचा. परिणाम असा झाला की लोक चहाचं दुकान समजून वर यायला लागले. एक गृहस्थ तर पूर्ण बैठकभर बसले, दोन कप प्यायले आणि जाताना म्हणाले, "चहा फिका आहे, पण गप्पा फार छान."

आणि मग एका संध्याकाळी दारात सलूनवाले उभे राहिले. आता हे आधी सांगायला हवं होतं, पण तेव्हा गावातल्या बहुतेक पुरुषांनी दाढ्या वाढवल्या होत्या. फॅशन वगैरे काही नाही. सलूनवाल्यांचा वस्तरा कुठे जाईल याचा नेम नव्हता, एवढंच. यांच्या कानामागेही एक खूण होती आणि म्हणून यांचीही दाढी छातीकडे निघाली होती. सलूनवाल्यांचे दोन्ही हात खिशात होते. रखवालदाराने त्यांना ओळखलं आणि हातातला ट्रे खाली ठेवला.

"खालची किटली कुणी काढली?" सलूनवाल्यांनी विचारलं.

"मी," हे म्हणाले. "तोटीचं काही बोलू नका. सरळ करणार आहे."

"नका करू." ते दारातच थबकले होते. "समोरच्या फुटपाथवरून रोज बघतोय. पेंटरची रेघ मला ओळखू येते, जन्मभर तुमच्याच पाटीखाली दुकान चालवलंय. ही रेघ थरथरत्या हाताची आहे. म्हटलं, असल्या हाताने वर जाता येतं, तर..." आणि त्यांनी हात खिशातून बाहेर काढले.

यांनी उठून आपली बरी खुर्ची त्यांना दिली. रखवालदाराने कप भरला. अर्धा.

तोटी मग कधीच सरळ झाली नाही. यांचा हात हळूहळू बसला. पाट्या पुन्हा यायला लागल्या, दोरी पुन्हा टणकन वाजायला लागली. डॉक्टरांचा बाणही नव्याने काढला, उजवीकडे. तो होईपर्यंत मी स्वतः चौकात उभी होते.

एका मंगळवारी सलूनवाले पेटी घेऊन आले. वस्तरा, साबण, ब्रश सगळं टेबलावर मांडलं आणि म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक बसत नाही. पहिला कोण बसतोय?"

ड्रायव्हरला अचानक खोकला आला. हेडबाई म्हणाल्या, "मला तर दाढीच नाही." सगळे इकडे तिकडे बघायला लागले. हे उठले, खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

"अहो, कान सांभाळा," मी म्हटलं.

"दोन आहेत," हे म्हणाले.

त्या खोलीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. शेजारून बुद्धिबळवाला डोकावून गेला, काही गडबड झाली का बघायला. वस्तरा गळ्यावरून वर सरकला, हनुवटीला वळसा घालून गेला, कानाशी आला, थांबला, आणि पुढे गेला. सलूनवाल्यांनी टॉवेलने यांचं तोंड पुसलं. कितीतरी दिवसांनी मला माझ्या नवऱ्याचे गाल दिसले. एक थेंब रक्त नाही.

 रखवालदाराने किटली उचलली आणि दोन कप काठोकाठ भरून दोघांच्या पुढे ठेवले. दोघांनी उचलले. एकही थेंब सांडला नाही, आणि मग असा हशा पिकला की खालच्या वाचनालयातून तक्रार आली. रखवालदाराने जिन्यातून ओरडून सांगितलं, "वारा आहे!"

एवढं ऐकून नात उठली. "नाही परत पाठवत," म्हणाली, आणि त्या नव्या कपातून मला चहा घेऊन आली. अर्धाच. हल्ली माझाही हात हलतो, वयाचा. तिला वाटलं, मला कळणार नाही.

"पूर्ण भर गं," मी म्हटलं. "सांडला तर म्हणू, तोटी वाकडी आहे."